रॉकेलच्या डब्यापासून पाइपलाइनपर्यंत : बर्मा शेलने मांडलेला धंदा

हिशेबनीस

भारत पेट्रोलियम विकायचं ठरलं २०१९ च्या नोव्हेंबरात आणि तो बेत गुंडाळला २०२२ च्या मे महिन्यात. त्या अडीच वर्षांत इथे प्रत्येक धाग्यावर कुणीतरी हमखास लिहायचं की सरकारने घाम गाळून उभी केलेली कंपनी फुंकून टाकतायत. विकावी की नाही, हे इथे उगाळत नाही. पण ती सरकारने उभी केलेली नव्हती. बर्मा शेल नावाची चालती विलायती कंपनी घेतली होती, टाक्या, डेपो, पंप, डीलर आणि बॅलार्ड इस्टेटमधल्या कचेरीसकट. कचेरीचं बर्मा शेल हाउस होतं, त्याचं भारत भवन झालं.

म्हणून हा धागा. तेल पोचवण्याच्या धंद्यात पैसा नेमका कुठे सुटतो आणि फटका कुणाला बसतो, यावर बोलूया. माझा संबंध हिशेबापुरता आहे, दोन-चार पंपांच्या वह्या बघतो. पंपवाले आणि टँकरवाले इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

१९२८ साली बर्मा ऑइल आणि एशियाटिक पेट्रोलियम यांनी हातमिळवणी केली. पहिली ब्रह्मदेशातल्या तेलावर पोसलेली स्कॉटिश कंपनी, दुसरी रॉयल डच-शेलची विक्री शाखा. हिंदुस्थानच्या बाजारात एकमेकींचे भाव पाडत बसण्यापेक्षा एकत्र विकू, असा सरळ व्यवहार. कागदावरचं नाव होतं बर्मा शेल ऑइल स्टोरेज अँड डिस्ट्रिब्युटिंग कंपनी ऑफ इंडिया लिमिटेड. विहीर खणणं नाही, शुद्धीकरणही नाही. साठवायचं आणि पोचवायचं.

तेव्हाचा मुख्य माल पेट्रोल नव्हे, रॉकेल. मोटारी होत्या किती? कंदील मात्र घरोघरी होते. बंदरात जहाज लागायचं, तेल टाक्यांत उतरायचं, तिथून रेल्वेने जिल्ह्याच्या डेपोत, पुढे एजंट, मग बैलगाडी आणि शेवटी वाण्याचं दुकान. चार गॅलनचा पत्र्याचा चौकोनी डबा हे या साखळीचं माप. साधारण अठरा लिटर. रिकाम्या डब्यात पाणी, धान्य, तेल सगळं राहिलं, आणि पत्रा कापून छपराच्या भोकांवर बसला तो निराळाच. १९३२ च्या ऑक्टोबरात जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या प्रवासात अहमदाबादला विमानात इंधन भरलं ते बर्मा शेलनेच. चार गॅलनचे डबे बैलगाडीतून धावपट्टीवर आले होते. या गोष्टीचं लोकांना कौतुक वाटतं ते विमानामुळे. मला बैलगाडीचं वाटतं. जिथे रस्ता धड नाही तिथे माल वेळेवर हजर ठेवायचा, हीच या धंद्याची खरी कमाई.

भाव कसा ठरायचा तेही बघा. माल इराणच्या आखातातून आला तरी हिशेब अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरच्या भावाने, त्यावर तिथून इथवरचं जहाजभाडं. म्हणजे न केलेल्या प्रवासाचं भाडंही गिऱ्हाइकाच्या माथी. स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं भाव आयातीच्या भावालाच बांधलेला राहिला, तोही सरकारी मान्यतेने, थोडीफार काटछाट होऊन.

पुढचं भराभर सांगतो. १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकची (हीच पुढे एसो झाली) मुंबईत तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला रिफायनरी, १९५५ मध्ये शेजारी माहुलला बर्मा शेलची. त्याच सुमारास मुंबईत 'बर्शेन' नावाने सिलिंडरचा गॅस आला. १९६० मध्ये केशव देव मालवीय तेलखात्याचे मंत्री असताना रशियाने स्वस्त कच्चं तेल देऊ केलं, परदेशी कंपन्यांनी आपल्या रिफायनऱ्यांत ते घ्यायला नकार दिला. मग सरकारने आपल्या नव्या इंडियन ऑइल कंपनीमार्फत रशियन डिझेलच आणलं. पहिलं जहाज त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबईतच, पीर पाव जेट्टीला लागलं. तिथून परदेशी कंपन्यांची मक्तेदारी ढिली झाली. १९७४ मध्ये एसो घेतली, तिची हिंदुस्तान पेट्रोलियम झाली. २४ जानेवारी १९७६ ला बर्मा शेल घेतली, आधी भारत रिफायनरीज आणि १ ऑगस्ट १९७७ पासून भारत पेट्रोलियम.

आता माझा मुद्दा. मालक बदलला, पाट्या बदलल्या, पण धंद्याची घडी तीच राहिली, कारण तिचा पाया जागेवर आहे. शिवडी-वडाळ्याच्या टाक्या, रेल्वे सायडिंगला लागून असलेले डेपो, शहरांच्या नाक्यांवरचे पंपांचे प्लॉट. तेल काय, जगात कुठूनही विकत मिळतं. दादरच्या नाक्यावरचा प्लॉट आज कुणी देईल का?

दुसरी गोष्ट वाहतुकीची. जहाज आणि पाइपलाइन सगळ्यात स्वस्त, मग रेल्वे, सगळ्यात महाग रस्ता. म्हणून कंपनीची सगळी धडपड एकच, की टँकरला धावावं लागेल ते अंतर कमी करायचं. भारत पेट्रोलियमची मुंबई-मनमाड पाइपलाइन १९९८ ची, सुमारे अडीचशे किलोमीटर, पुढे ती इंदूरजवळ मांगल्याला आणि तिथून दिल्लीकडे गेली. हिंदुस्तान पेट्रोलियमची मुंबईहून पुण्याला लोणी काळभोर आणि पुढे सोलापूरजवळ पाकणीला. नकाशावर ही गावं कुणाच्या नजरेत भरत नाहीत. अर्ध्या महाराष्ट्राच्या गाड्या मात्र यांच्या जिवावर धावतात.

आणि तिसरं, जोखीम. जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव मोकळे केले, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे, १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला नवा भाव. कागदावर सगळं बाजारावर सोडलेलं. प्रत्यक्षात २०२२ च्या एप्रिलपासून जवळपास दोन वर्षं भाव गोठलेले, कराची कपात सोडली तर. त्या वर्षी एप्रिल ते जून या एका तिमाहीत हिंदुस्तान पेट्रोलियमला दहा हजार कोटींवर तोटा झाला, आणि २०२३-२४ मध्ये भारत पेट्रोलियमने २६ हजार कोटींवर विक्रमी नफा कमावला. कर सोडला तर पंपावरचा आकडा जवळपास तोच असताना! कंपनी एवढे हेलकावे सोसते, कारण तिच्या मागे सरकार आहे, बँका आहेत. पंपवाल्याच्या मागे कोण आहे? त्याचं कमिशन २०१७ ला ठरलं ते पुन्हा वाढलं थेट ऑक्टोबर २०२४ ला. मधल्या सात वर्षांत पगार, वीज, बँकेचं व्याज काही थांबलं नव्हतं. माझं म्हणणं असं की बर्मा शेलच्या काळापासून या साखळीत जोखीम वरून खाली ढकलत आणलेली आहे आणि शेवटच्या माणसापाशी येऊन ती थांबते. कुणाला पटत नसेल तर मांडा.

---

उपहासराव

पहिला नंबर माझा. लेख छान, पण पंपवाला गरीब बिचारा हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. पेट्रोलमिश्रित असावं. आमच्या गावात सगळ्यात मोठा बंगला कुणाचा ते विचारू नका.

---

सोलापुरी_चटणी

उपहासराव, बंगला आजोबांचा असेल, बापाने नाही बांधला आणि नातवाला रंगवता येत नाही. 😄

पंप चालवतो, तिसरी पिढी. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच साहेब लोकांच्या डोळ्यावर यायला नको. हिशेबनीसांनी जोखमीचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे, फक्त ती दिसते कशी ते सांगतो.

पैसे आधी. आरटीजीएस केल्याशिवाय डेपोतून गाडी भरत नाही. बारा हजार लिटरचा टँकर म्हणजे आजच्या भावाने बारा लाखांच्या घरात. गाडी आली की सपाट जागेवर उभी करायची आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही, तेल बसू द्यायचं. मग वरची सीलं तपासायची, प्रत्येक कप्प्यात दांडी घालून डिप (तेलाची खोली) घ्यायचा आणि इनव्हॉइसशी जुळवायचा. सँपल काढून हायड्रोमीटर आणि थर्मामीटर एकत्र बुडवायचे, तक्त्यावरून १५ अंशाची डेन्सिटी (घनता, घनमीटरला किलोत) काढायची. चलनावरच्या आकड्यापेक्षा तीनपेक्षा जास्त फरक असेल तर गाडी उतरवून घ्यायची नाही, फोन करायचा. अर्थिंगची क्लिप लावल्याशिवाय पाइप जोडायचा नाही. नव्या पोराला मी पहिला आठवडा फक्त हीच क्लिप लावायला शिकवतो.

आता गंमत ऐका. डेपोत गाडी दुपारी भरली तेव्हा पेट्रोल असतं पस्तीस-छत्तीस अंशांना. आमच्या जमिनीखालच्या टाकीत ते निवतं. एका अंशाला हजार लिटरमागे लिटरभरापेक्षा थोडं जास्त आकसतं. बारा हजार लिटर आणि पाच अंश धरा, साठ-सत्तर लिटर हवेत. चोरी नाही, गळती नाही, निसर्गनियम. पैसे मात्र डेपोतल्या लिटरचे भरलेले. घट म्हणून थोडं धरतात कमिशनमध्ये, पण उन्हाळ्यात सोलापुरात ते पुरत नाही.

आणि भावाचा फटका. २०२१ ची दिवाळी. सुट्टीत डेपो बंद राहणार म्हणून सगळ्यांनी टाक्या काठोकाठ भरून घेतलेल्या. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी बातमी आली की रात्रीपासून एक्साइज कमी, पेट्रोलला पाच आणि डिझेलला दहा रुपये. गिऱ्हाइकाची दिवाळी झाली, चांगलंच झालं. पण माझ्या टाकीतल्या डिझेलचा कर मी आधीच भरलेला होता. अठरा हजार लिटर गुणिले दहा, करा हिशेब. पुढे २२ मे २०२२ ला पुन्हा तेच, पेट्रोल आठ आणि डिझेल सहा. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला डीलरांनी एक दिवस माल उचलला नाही, तो राग यातलाच आणि कमिशनचाही.

---

अंतूशेठ

प्रश्न: मग भाव वाढतो तेव्हा जुन्या भावाचा साठा नव्या भावाने विकता ना? ते नाही सांगितलंत.

---

सोलापुरी_चटणी

विकतो की. वाढ मात्र पंचवीस-तीस पैशांनी रोज यायची आणि कपात आली ती एकदम दहा रुपयांनी. वाढ येणार असा नुसता वास आला की डेपोतून गाड्या मिळेनाशा होतात, हा अनुभव कुठल्याही डीलरला विचारा.

---

मनमाडकर

आमच्या गावाचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. मनमाडजवळ जिथे तेलाचे डेपो आहेत त्या पानेवाडीच्या आसपास गेलात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना टँकरच टँकर. ड्रायव्हर गाडीखाली सावलीला पडलेले, कुणी स्टोव्हवर खिचडी लावतोय (हो, इंधनाच्या टँकरपासून दहा पावलांवर, बोलून उपयोग नाही). हॉटेल, टायर, पंक्चर, स्पेअर पार्ट, सगळं या डेपोंवर चालतं. पूर्वी मनमाड म्हणजे रेल्वे जंक्शन आणि गुरुद्वारा, आता त्यात हे.

जानेवारी २०२४ चे ते दोन दिवस आठवतायत का? हिट अँड रनच्या नव्या कलमावरून ड्रायव्हरांनी चाकं थांबवली. पानेवाडीतून गाड्या निघेनात आणि लगेच नाशिकपासून मुंबईपर्यंत पंपांवर रांगा. एवढी पाइपलाइन टाकली, ऑटोमेशन आणलं, पण शेवटचे शंभर किलोमीटर माणूसच स्टिअरिंगवर असतो.

दुसरी आठवण कडू आहे. २५ जानेवारी २०११. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ जिवंत जाळलं, भेसळीसाठी चाललेली तेलचोरी बघायला ते थांबले म्हणून. तेव्हा रेशनचं निळं रॉकेल आणि डिझेल यांच्या भावात इतकी दरी होती की एक टँकर इकडचा तिकडे केला की वर्षाची कमाई. ती दरी सरकारने ठेवली आणि मेला एक प्रामाणिक अधिकारी. पुढे २०१६ पासून रॉकेलचा भाव पंचवीस-पंचवीस पैशांनी वाढवत नेला, अनुदान संपलं, तेव्हा कुठे तो धंदा मोडला. छाप्यांनी नाही मोडला.

---

शीवची_मावशी

बर्शेन! किती वर्षांनी हा शब्द ऐकला. आमच्या चाळीत एकाच बिऱ्हाडात बर्शेन होता आणि सगळ्या बायका तो बघायला जाऊन आल्या होत्या. आई म्हणायची स्फोट होईल, नको. नंतर पटलं तेव्हा नंबर लावला, तर प्रतीक्षायादी वर्षांची. काहींकडे एसोगॅस, काहींकडे कोसन. कोसन गॅसही पुढे हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये गेला ना? लग्न ठरवताना "गॅस आहे का" असं विचारायचे, खोटं नाही सांगत.

वाटपाचा विषय निघालाय तर सिलिंडर पोचवणाऱ्याबद्दलही लिहा कुणीतरी. चार मजले खांद्यावर घेऊन चढतो तो. पंपवाल्याच्याही खालची पायरी आहे ती.

---

हिशेबनीस

मावशी, बरोबर, कोसन १९७९ ला हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. आणि सिलिंडरवाल्याचं म्हणाल तर शेवटचा माणूस म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे पंपवाला होता, तुम्ही आणखी खाली नेलंत. त्याला पगार एजन्सी देते, कंपनीच्या वहीत त्याचं नावही नसतं.

---

कायद्याचा_किडा

जागेचा मुद्दा हिशेबनीसांनी दोन ओळींत उरकला, खरं घबाड तिथेच आहे.

बर्मा शेलने पंपांच्या बहुतेक जागा विकत घेतलेल्या नव्हत्या, भाडेपट्ट्याने घेतल्या होत्या. वीस-तीस वर्षांचे करार, तेव्हाच्या भावाने. १९७६ च्या अधिग्रहण कायद्यात तरतूद अशी की पट्टा संपला तर केंद्र सरकारची (पुढे कंपनीची) इच्छा असल्यास तो जुन्याच अटींवर वाढवून मिळेल. जुन्याच अटी म्हणजे जुनंच भाडं! शहराच्या मोक्याच्या नाक्यावर प्लॉट, शेजारच्या दुकानाचं भाडं लाखात आणि जमीनमालकाला महिन्याला काहीशे रुपये. देशभर खटले झाले. कायदा टिकला, पण सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सुनावलं की कंपनी ही राज्यसंस्थेचाच भाग आहे, नूतनीकरणाचा हक्क वापरताना तिने वाजवीपणे वागलं पाहिजे. जोखीम खाली ढकलतात म्हणालात ना, तर डीलरच्या बरोबरीने जमीनमालकालाही धरा त्यात.

विक्रीच्या बाबतीतही हाच कायदा आडवा आला होता. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, संसदेने कायदा करून घेतलेल्या हिंदुस्तान आणि भारत पेट्रोलियम संसदेला न विचारता विकता येणार नाहीत. मग २०१६ मध्ये जुनाट कायदे रद्द करणारं एक मोठं विधेयक आलं, १८७ कायदे एका फटक्यात. त्या ढिगात १९७६ चा हा कायदाही गेला. तेव्हा कुणाचं फारसं लक्षही गेलं नाही. २०१९ ला विक्री जाहीर झाली तेव्हा लोक कायदा शोधायला लागले, तर तो तीन वर्षांपूर्वीच निजधामाला गेलेला.

---

उपहासराव

वा. म्हणजे आधी कुलूप काढून ठेवलं आणि मग गिऱ्हाईक शोधलं. तरी गिऱ्हाईक मिळालं नाही ते नाहीच.

---

एसटीप्रेमी

वाटपाच्या धंद्याला दोन भाव असतात हे मला २०२२ च्या मार्चमध्ये कळलं. एसटीच्या आगारांत स्वतःचे पंप आहेत, तिथे थेट कंपनीकडून ठोक डिझेल येतं. युक्रेनचं युद्ध पेटल्यावर कंपन्यांनी ठोकचा भाव लिटरला पंचवीस रुपयांनी वाढवला, पंपावरचा नाही. मुंबईत ठोक १२२ रुपयांच्या पुढे आणि नाक्यावरच्या पंपावर ९४! मग लालपरी खासगी पंपांवर रांगेत. जो जास्त घेतो त्याला महाग आणि जो दोन लिटर घेतो त्याला स्वस्त, असा उलटा बाजार दुसरीकडे कुठे बघितलाय?

---

सोलापुरी_चटणी

त्या महिन्यात माझी डिझेलची विक्री दुपटीच्या आसपास गेली. आणि गाडी मिळता मिळेना. कारण प्रत्येक लिटरमागे कंपनीला तोटा, तर ती माल का सोडेल? माझ्याकडे गिऱ्हाईक उभं, टाकीत दांडी घातली तर तळ लागतोय आणि गिऱ्हाईक मला शिव्या घालतंय.

---

बांदेकर

आमच्या सिंधुदुर्गाक कोण विचारता? सीमेवर पंप असणं म्हणजे काय ते बांद्यात येऊन बघा. गोव्यात व्हॅट कमी. २०१२ मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास काढूनच टाकला तेव्हा लिटरमागे अकरा रुपये उतरले होते. लोक गाडी बांद्यात ठेवतत आणि टाकी पत्रादेवीक भरतत. तीच गत बरीच वर्षं कोल्हापूरच्या ट्रकवाल्यांची होती, कोगनोळी ओलांडली की कर्नाटकातलं डिझेल. कंपनी एकच, तेल एकच, डेपोही कधी कधी एकच. फरक फक्त राज्याच्या कराचा, आणि मार सीमेच्या अलीकडच्या पंपाला.

---

टेक्सासतात्या

इकडची पद्धत सांगतो. पंपावर मोठ्या कंपनीची पाटी असते, पण मालक बहुतेक वेळा छोटा माणूस किंवा मधला घाऊक व्यापारी, ज्याला इथे 'जॉबर' म्हणतात. भाव मालक स्वतः ठरवतो. समोरासमोरच्या दोन पंपांवर दोन भाव असतात. पेट्रोलवर फार सुटत नाही, सुटतं ते आतल्या दुकानात, कॉफी, सिगारेट, लॉटरीवर. भारतात भाव मोकळे झाले असं म्हणता, पण डीलरला भाव ठरवायचा अधिकार कुठे आहे?

---

हिशेबनीस

तात्या, नेमकं बोललात. नाही अधिकार. तिन्ही सरकारी कंपन्यांचे भाव एकाच गावात पैशांच्याच फरकाने असतात. मोकळा बाजार वरच्या मजल्यावर, तोही कधीकधी. खासगी कंपन्यांनी हे २००८ ला अनुभवलं. सरकारी कंपन्यांना तोटा भरून मिळायचा, रिलायन्सला नाही. हजारावर पंप बंद करून बसावं लागलं होतं त्यांना. चकाचक पंप, दिवे, ढाबे, सगळ्याला टाळं.

---

अंतूशेठ

सगळं ठीक, पण मापाचं काय? २०१७ ला ठाण्याच्या पोलिसांनी पंपांवर धाडी घालून मशिनमधल्या चिप पकडल्या, त्यावर डीलर मंडळी गप्प?

---

सोलापुरी_चटणी

गप्प कशाला. ज्यांनी केलं त्यांनी खाल्लं, आणि त्यांना पकडलं ते बरंच झालं. तुम्ही एवढंच करा: शंका आली की पाच लिटरचं माप मागा. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरपर्यंत फरक चालतो, त्यापुढे नाही. फिल्टर पेपरही मागता येतो, पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. शंभरऐवजी एकशेदहाचं पेट्रोल टाका म्हणणारे रोज भेटतात. मशिन बिघडवणारा चिप टाकून तुमच्या एकशेदहालाही फसवेल. माप मागणारं गिऱ्हाईक महिन्यात एखादं येतं.

आणि पावसाळ्यात इथेनॉलकडे लक्ष ठेवा. आता वीस टक्के मिसळतात, काही उसाचं, काही मक्या-तांदळाचं. टाकीत पाणी शिरलं तर पूर्वी नुसतं पाणी तळाला बसायचं, आता ते इथेनॉललाही ओढून घेऊन खाली बसतं. म्हणून आमच्याकडे जूनपासून रोज सकाळी पाणी दाखवणारी पेस्ट लावून दांडी घालतात आणि झाकणांचे रबर बदलतात.

---

नवखा_निनाद

सगळं वाचलं. घरची हायवेवर तीस गुंठे जमीन आहे. पंपासाठी अर्ज करावा का? भाऊ म्हणतो शाश्वत धंदा आहे. सोलापुरीदादा, खरं सांगा.

---

हिशेबनीस

निनाद, ते सांगतीलच, मी फक्त आकड्यांचं बोलतो. २०१८ च्या नोव्हेंबरात तिन्ही कंपन्यांनी मिळून पन्नास हजारांवर नव्या जागांची जाहिरात काढली होती. गाड्या वाढल्या, पण पंपही वाढले, त्यामुळे दर पंपाची विक्री वाढेलच असं नाही. कमिशन लिटरवर मिळतं, रुपयांच्या उलाढालीवर भुलू नका. महिन्याची दीड-दोन कोटींची उलाढाल दिसते आणि हातात राहतं ते लिटरमागे पेट्रोलला चार रुपयांच्या आसपास, डिझेलला तीनच्या. त्यातून पगार, वीज, घट, कार्डाचे चार्जेस आणि बुडालेली उधारी.

---

सोलापुरी_चटणी

निनाद, उधारीपासून सुरुवात करतो. ट्रान्सपोर्टवाला, कारखान्याचे ऊसतोड ठेकेदार, बांधकामवाले, सगळ्यांना महिन्याच्या बिलाने डिझेल पाहिजे. कंपनी तुला एक दिवसाची उधारी देत नाही आणि तू गिऱ्हाइकाला पंचेचाळीस दिवसांची देतोस. नाही दिली तर तो पुढच्या पंपावर जातो. माझ्या ओळखीचे तीन पंप बंद पडले, तिन्ही उधारीने, तेलाने एकही नाही.

दुसरं, ए साइट की बी साइट ते बघ. जागा आणि मशिनरी कंपनीची असेल तर ए, ती सहसा जुन्यांकडे. तुझी जमीन म्हणजे बी सारखा प्रकार, जमीन तुझी किंवा पट्ट्याने कंपनीला, टाक्या आणि मशिन कंपनीचे. वर किडेसाहेबांनी पट्ट्याचं लिहिलंय ते दोनदा वाच, सही करण्याआधी वकिलाला दाखव.

आणि तुझा प्लॉट रस्त्याच्या कुठल्या हाताला आहे? मध्ये दुभाजक आहे?

---

नवखा_निनाद

सोलापूरकडे जाताना डाव्या हाताला. दुभाजक आहे. पुढच्या चौकात उड्डाणपूल मंजूर झालाय असं ऐकतो.

---

सोलापुरी_चटणी

मग अर्ज राहू दे बाजूला, आधी उड्डाणपुलाचा नकाशा मिळव. पुलाचा उतार तुझ्या प्लॉटच्या आधी संपतो की नंतर, आणि सेवा रस्त्याला उतरायची वाट कुठे ठेवलीय, हे बघून ये. पंपाच्या पुढे उतरवलं असेल तर गाड्या तुझ्या डोक्यावरून जातील. नकाशा मिळाला की इथेच टाक, बघू.